गणनाक बिन कोण?

आपल्या कुठल्याही वस्तीत जा. समाजमंदिराच्या कट्ट्यावर बसलेल्या म्हाताऱ्यांना विचारा, बाबांनो, आपले वाडवडील काय करत होते? एक जण मेलेली ढोरं ओढल्याचं सांगेल. दुसरा वेस राखल्याचं, सरकारी टपाल डोक्यावरून पोचवल्याचं सांगेल. आणि तिसरा हमखास सांगेल, "आमचा खापरपणजा कोरेगावच्या लढाईत व्हता. त्याचं नाव त्या खांबावर हाय." नाव काय म्हणून विचारलं की म्हणेल, गणनाक. नाहीतर रामनाक. नाहीतर हरनाक.

म्हातारा खोटं बोलत नाही. त्याला त्याच्या बापानं सांगितलं, बापाला आज्यानं सांगितलं. पण मित्रहो, दर १ जानेवारीला भीमा कोरेगावला जाऊन आपण त्या खांबाला मानवंदना देतो, तेव्हा तिथली यादी एकदा नीट वाचा. गणनाक एक नाही. एक गणनाक बाळनाकाचा आहे, एक लखनाकाचा आहे, एक धरमनाकाचा आहे. आता म्हाताऱ्याचा गणनाक यातला कोणता? की चौथाच कुणी, जो लढला आणि जिवंत घरी आला म्हणून खांबावर चढला नाही? की पाचवा, जो कधी पलटणीत गेलाच नाही, गावाची वेस राखता राखता मेला?

हा प्रश्न कुणाच्या हौसेचा नाही. आज आपल्या पोरांना जातीच्या दाखल्यासाठी पणज्याचं नाव कागदावर दाखवावं लागतं. उद्या आपला इतिहास आपणच लिहायचा म्हटलं, तर हेच नाव पुराव्यानिशी दाखवावं लागेल. दोन्हीकडे अडचण एकच. नाव आहे, माणूस सापडत नाही.

*

आधी ते 'नाक' काय आहे ते बघू.

१ जानेवारी १८१८ ला कॅप्टन स्टाँटनच्या हाताखाली बाँबे नेटिव्ह इन्फन्ट्रीच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी पलटण पेशव्याच्या फौजेशी लढली. मेलेल्यांसाठी कंपनी सरकारनं १८२१ साली खांबाचा पाया घातला. त्यावर ४९ नावं आहेत, त्यातल्या २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे. त्या २२ नावांवरूनच आपण सांगतो, की हे आपले. बाकीच्यांत मराठे आहेत, मुसलमान आहेत, आणखी जातीचे आहेत.

नाक हा शब्द कुठून आला यावर वाद आहे. कुणी म्हणतो नायक, कुणी म्हणतो नाग. ते काही असो, त्या काळी त्याचं काम ठरलेलं होतं. ब्राह्मणाच्या नावाला पंत, भट लागे; मराठ्याच्या नावाला जी, राव लागे; महाराच्या नावाला नाक लागे. नाव ऐकल्याबरोबर समोरच्यानं किती हात लांब राहायचं ते कळावं, एवढी सोय. आडनाव लिहायची कुणाला गरज वाटली नाही. 'गणनाक महार, मौजे अमुक' एवढ्यावर कुलकर्ण्याचं काम भागत होतं. त्याच गावात दुसरा गणनाक असला तरी कुलकर्ण्याला फरक पडत नव्हता. हाक मारली की दोघांतला एक येणारच होता.

म्हणजे नावाच्या त्या शेपटानं दोन कामं केली. आपली जात टिकवून ठेवली आणि आपला माणूस झाकून टाकला. ज्या शिक्क्यानं आपल्याला वेशीबाहेर ठेवलं, त्याच शिक्क्यामुळं आज २२ नावं मोजता येतात. आणि त्याच शिक्क्यामुळं त्या २२ पैकी एकाचंही घर सापडत नाही. खांबावर बापाचं नाव आहे, गाव नाही.

त्यात आपल्याकडं नाव ठेवायची रीत अशी, की आज्याचं नाव नातवाला. बाळनाकाचा गणनाक, त्याचा पुन्हा बाळनाक, त्याचा पुन्हा गणनाक. १८२० च्या कागदात 'गणनाक बिन बाळनाक' सापडला आणि १८७० च्या कागदातही 'गणनाक बिन बाळनाक'च सापडला, तर तो एकच माणूस समजून चालणार नाही. तो आजा आणि नातू असायचा संभव जास्त.

त्यात लिहिणाराचा हात वेगळा. गावातला कागद मोडीत. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्द तोडून लिहायची पद्धत नाही, ओळ सरळ पुढं पळत जाते. पलटणीतला कागद इंग्रजीत. साहेबाच्या कारकुनाला कानाला जे ऐकू आलं ते त्यानं रोमन अक्षरात उतरवलं. पुढं शंभर वर्षांनी कुणीतरी ते परत देवनागरीत आणलं. म्हणून खांबावरच्या नावांच्या ज्या याद्या आपल्या पुस्तिकांतून, पत्रकांतून छापल्या जातात त्या एकमेकींशी जुळत नाहीत. एकीत गणनाक, दुसरीत गननाक. ण आणि न मध्ये अडकून पडू नका. अक्षर बदलतं. बाप, गाव, भाऊ, जमीन आणि काम या पाच गोष्टी सहसा एकदम बदलत नाहीत. शोध त्यांचा घ्यायचा.

*

आता वयाचा हिशेब करा. हा हिशेब करायला दफ्तरखान्यात जावं लागत नाही, कट्ट्यावर बसून बोटं मोजून होतो.

आज ऐंशीच्या आसपास असलेला म्हातारा १९४५ च्या सुमारास जन्मला. एका पिढीला तीस वर्षं धरा. बाप १९१५ चा, आजा १८८५ चा, पणजा १८५५ चा, खापरपणजा १८२५ चा. कोरेगावची लढाई १८१८ ची. म्हणजे खापरपणजा लढाईच्या वेळी जन्मलाच नव्हता. पिढीला पंचवीस वर्षं धरली तर तो आणखी अलीकडे येतो, १८४५ ला. लढला असेल तर त्याचा बाप लढला असेल, नाहीतर आजा.

मग म्हातारा चुकला का? त्याला जे मिळालं ते त्यानं सांगितलं. चूक आठवणीच्या रीतीत आहे. माणसं ज्याच्या खांद्यावर बंदूक होती त्याला लक्षात ठेवतात. त्याच्यामागून जे आले, ज्यांनी पन्नास वर्षं पाटलाच्या दारात लाकडं फोडली, मढ्याच्या सांगाव्याला रात्री-अपरात्री चार गावं पालथी घातली, शिळ्या भाकरीचे तुकडे मागून आणून पोरं जगवली, त्यांची नावं गळून पडतात. एक-दोन पिढ्या मधून नाहीशा होतात आणि खांबावरचा गणनाक सरकत सरकत खापरपणज्याच्या जागी येऊन बसतो.

मला वाटतं, आपला हरवलेला पूर्वज तो गळलेला माणूस आहे. खांबावरच्या गणनाकाचं नाव दगडात तरी आहे. याचं कुठंच नाही असं आपण धरून चालतो. पण ते खरं नाही. त्याचंही नाव आहे. कुठं आहे ते बघू.

*

त्यांच्या दफ्तरात आपला माणूस तीनच वेळा येतो. त्याच्याकडून काही घ्यायचं असेल तेव्हा, त्याला काही द्यावं लागणार असेल तेव्हा, आणि त्याच्यावाचून काम अडलं असेल तेव्हा.

तिसऱ्यापासून सुरू करू. दोन गावांचा शिवेचा तंटा लागला की पाटील-कुलकर्ण्याची मात्रा चालत नसे. शीव कुठून जाते ते महाराला माहीत. त्याची सावली चालत नव्हती, पण साक्ष चालत होती. अशा तंट्यांच्या महजरात महाराचं नाव येतं आणि त्यानं काय सांगितलं तेही येतं. पुण्याच्या पेशवे दफ्तरात रुमालांत बांधलेले मोडी कागद पडून आहेत. तिथं महार शोधायचा तर त्याच्या नावानं शोधून हाती काही लागत नाही. गावाच्या नावानं शोधायचा, तंट्याच्या विषयानं शोधायचा.

मग इंग्रज आला. १८३६ साली इंदापूरपासून जमिनीची मोजणी सुरू झाली. शेताला नंबर पडले, नंबरापुढं नाव लागलं. कुणब्याचं नाव लागलं. आपल्या हाडकी-हाडवळ्याच्या तुकड्यापुढं काय लागलं? पुष्कळ ठिकाणी 'महार लोक', 'समस्त महार'. सगळ्या महारवाड्याचं मिळून एक वतन, म्हणून सगळ्या महारवाड्याचं मिळून एक नाव. तिथंही गणनाक बुडाला.

पण राबायला 'समस्त' चालत नाही, राबायला एक माणूस लागतो. म्हणून पाळी होती. यंदा या घराची पाळी, पुढल्या साली त्या घराची. १८७४ चा वतन कायदा आला तशी वतनदारांची घराणी कागदावर घ्यावी लागली, कुणाची किती तक्षीम, कुणाची कधी पाळी, ते लिहावं लागलं. या वतनानं आपल्याला पिढ्यानपिढ्या जखडून ठेवलं. पाळी एका माणसाची, पण राबायचं सगळ्या घरानं, रात्र नाही की दिवस नाही. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात या वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं बिल आणलं ते काही उगाच नाही. १९५८ चा कनिष्ठ गाववतनं नाहीशी करणारा कायदा १ ऑगस्ट १९५९ पासून अंमलात आला आणि ती वेठ कायद्यानं संपली.

वतन गेलं ते बरं झालं. पण कार्यकर्त्यांनो, जाताना त्यानं एक कागद मागं ठेवला. वतनाची जमीन सरकारजमा झाली आणि रक्कम भरून घेऊन ती वतनदारांना नव्या शर्तीनं परत दिली गेली. तहसिलात याला रीग्रँट म्हणतात. परत द्यायची तर 'समस्त महार' या नावानं देता येईना. कुणाला द्यायची, त्याचा बाप कोण, त्याचे भाऊ किती, मेलेल्याचे वारस कोण, हे लिहावं लागलं. जो बुडाला होता तो गणनाक इथं नातवा-पणतवांच्या नावानं वर येतो.

तेव्हा वाट अशी आहे. आजच्या सातबाऱ्यावर फेरफाराचा नंबर असतो. त्या नंबरावरून जुना फेरफार काढायचा. फेरफारावरून रीग्रँटचा हुकूम. हुकुमावरून वतनाचं रजिस्टर. तिथून मागं मोजणीचे कागद. आजपासून मागं जायचं, एकेक पायरी. वरून, खांबावरून, खाली उडी मारायची नाही. वरून उडी मारणारा कुणाच्याही अंगणात पडतो.

*

दुसरा कागद म्हणजे कोतवाल बुक, गाव नमुना १४. गावातल्या जन्म-मृत्यूची वही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून या नोंदी मिळतात, जुन्या मोडीत आहेत. यात जातीचा रकाना आहे म्हणून आज तिला एवढं महत्त्व.

पोराला जातीचा दाखला काढायचा, पुढं त्याची पडताळणी करायची, तर आपलं घराणं १० ऑगस्ट १९५० पूर्वीपासून या राज्यातलं आहे आणि जात अमुक आहे हे दाखवावं लागतं. २००१ मध्ये महाराष्ट्रात जात प्रमाणपत्राचा कायदा अंमलात आल्यापासून तर ही पडताळणी कुणालाच चुकली नाही. आपण १९५६ साली बौद्ध झालो. कागदावर काही जण महार राहिले, काही जण बौद्ध झाले, काही जण नवबौद्ध. केंद्राच्या यादीत बौद्धांना जागा मिळायला १९९० साल उजाडलं. त्यामुळं एकाच घरात आज्याच्या नावापुढं महार, बापाच्या नावापुढं नवबौद्ध, पोराच्या नावापुढं बौद्ध. आणि टेबलापलीकडचा माणूस विचारतो, हे तिघं एकाच घरातले कशावरून?

कोतवाल बुकात नोंद कशी असते? 'रामा महार यास मुलगा झाला.' संपलं. मुलाचं नाव नाही, कारण नोंद होते तेव्हा बारसं झालेलं नसतं. रामाच्या बापाचं नाव असेल तर नशीब. आडनाव नाही. आईचं नाव पुष्कळदा नाही. आणि त्या महारवाड्यात रामा तीन असतात. आज पोराच्या शाळेच्या दाखल्यावर कांबळे आहे, गायकवाड आहे, साळवे आहे. 'रामा महार' म्हणजेच आमचा रामा कांबळे, हे सिद्ध करता करता कित्येक पोरांची कॉलेजातली जागा हातची जाते.

अशा वेळी नोंद एकटी वाचायची नाही. एका रामाच्या सगळ्या नोंदी एकाखाली एक मांडायच्या. अमुक साली मुलगा, दोन सालांनी मुलगी, मग बायकोचा मृत्यू, मग आईचा मृत्यू. दुसऱ्या रामाच्या तशाच. घरातल्या म्हातारीला विचारायचं, तुझ्या सासऱ्याला किती भावंडं, कुणी लहानपणी गेलं का, कुठल्या साथीत गेलं. एका रामाची रांग तिच्या सांगण्याशी जुळते, दुसऱ्याची जुळत नाही. मेलेल्या पोरांच्या नोंदीवरून जिवंत माणसाची ओळख पटते. हे ऐकायला वाईट आहे, पण आपल्या कागदात पुष्कळदा तेवढंच आहे.

आणि नाव जुळत नाही म्हणून घाबरायचंही नाही. खुद्द बाबासाहेबांचं बघा. ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, त्यांचं नाव घातलं गेलं. रजिस्टरात नोंद आहे 'भिवा रामजी आंबेडकर'. घराणं सकपाळांचं, आज्याचं नाव मालोजी सकपाळ. गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, त्या गावावरून आडनाव. आता कुणी 'भीमराव सकपाळ' एवढंच मनात धरून ते रजिस्टर चाळलं असतं, तर त्याला बाबासाहेब सापडले नसते. पान उलटून पुढं गेला असता. बापाचं नाव रामजी आणि आडनावात दडलेलं गाव, या दोन खुणांवरून ती नोंद त्यांची ठरते. साऱ्या जगाला माहीत असलेल्या आपल्या माणसाची ही गत, तर गणनाकाची काय असेल?

*

तिसरा कागद पलटणीचा. इथं आपला माणूस जरा बऱ्या रीतीनं लिहिला गेला. शिपायाच्या शीट रोलवर बापाचं नाव, जात, गाव, तालुका, उंची, अंगावरची खूण असं सगळं असे. सरकारला आपल्यावर माया होती म्हणून नव्हे. मेल्यावर पेन्शन कुणाला द्यायची, पळून गेला तर कुठल्या गावात धरायचा, हे कळायला पाहिजे म्हणून. खांबावर गाव नाही आणि शीट रोलवर गाव आहे, हा फरक ध्यानात ठेवा. ज्याच्या घरात पलटणीची गोष्ट आहे त्यानं आधी घरातली जुनी पेटी बघावी. पेन्शनीचं पुस्तक, डिस्चार्जचा कागद, बिल्ला. बिल्ल्याच्या कडेवर नंबर असतो. नाव शंभर जणांचं एक असेल, एका पलटणीत तो नंबर एकाचाच.

१८९२-९३ च्या सुमारास इंग्रजानं महारांची भरती बंद केली. ज्यांच्या जिवावर मुंबई इलाखा घेतला त्यांना लढाऊ जात नाही म्हणून दार लावलं. तिथून आपले कागद बदलतात. दापोलीच्या कॅम्पात राहणारे पेन्शनर गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ साली या अन्यायावर विनंतीपत्र तयार केलं. १९०३ साली सासवडला ५१ गावच्या महारांची सभा शिवराम जानबा कांबळे यांनी घेतली, सरकारकडं अर्ज केला, आणि १९१० ला थेट विलायत सरकारकडं अर्ज पाठवला. या अर्जांचं मोल काय? तोवरच्या कागदात आपल्याला दुसऱ्यांनी लिहिलं होतं. इथं आपण आपल्याला लिहिलं, आणि खाली आपल्या सह्या-अंगठे केले. ज्यांच्या गावचे लोक अशा सभांना गेले त्यांनी तिथंही आपला माणूस शोधावा. १९१७ ला १११ वी महार पलटण उभी राहिली, १९२१ ला मोडली. पुन्हा १९४१ ला महार रेजिमेंट आली. प्रत्येक वेळी भरतीचे नवे कागद झाले.

आणखी एक वाट कुणाच्या ध्यानात येत नाही. ती समुद्रापलीकडची. १८३४ पासून मजुरांची जहाजं मॉरिशसला गेली. मुंबई बंदरातूनही गेली, रत्नागिरी-साताऱ्याकडची माणसं गेली, त्यात आपलेही होते. उसाच्या मळ्यावर करारानं बांधलेला मजूर तो, गुलामापेक्षा थोडासाच बरा. पण मळेवाल्याला माल मोजून हवा होता, म्हणून प्रत्येकाला नंबर, जहाजाचं नाव, बापाचं नाव, वय, जात, गाव, आणि पुढं पुढं फोटोसुद्धा. मॉरिशसमधल्या मोका इथं महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये हे दफ्तर जपून ठेवलं आहे. तुमच्या घरात जर कुणी सांगत असेल, की आज्याचा एक भाऊ मिरच देशाला गेला आणि परत आला नाही, तर हसू नका. मॉरिशसला आपल्याकडं मिरीच, मिरच म्हणत. घरी राहिलेल्या भावाचं नाव 'समस्त महार' मध्ये बुडालं असेल आणि पळून गेलेल्याचा फोटो निघेल.

*

इतका वेळ बाप्यांचंच चाललंय. बायांचं काय?

बायांच्या नावाला नाकही लागलं नाही. पेशवाईत त्या दफ्तरात आल्या त्या पुष्कळदा पाटामुळं. विधवेनं पाट लावला की सरकार पाटदाम घेई, म्हणून नोंद. पलटणीच्या कागदात आल्या त्या नवरा मेल्यावर, पेन्शनीला वारस म्हणून. म्हणजे कुणीतरी मेल्याशिवाय आपली आजी कागदावर आलीच नाही.

पण ज्या गोष्टी कागदात नाहीत त्या बायांच्या तोंडात आहेत. बाप्यांना विचाराल तर ते खांबावरचा गणनाक सांगतील. म्हातारीला विचारा, ती सांगेल गणनाकाची बायको कुठल्या गावची, तिच्या बहिणी कुठं दिल्या, कुणाच्या दुष्काळात कुणाच्या घरी जाऊन राहिले. जात्यावरच्या ओव्यांत तिनं बापाचं, भावाचं गाव बांधून ठेवलंय. एकाच गावात तीन गणनाक असतील, पण तिघांच्या सासुरवाड्या एक नसतात. सारख्या नावाची माणसं वेगळी करायची तर बायकोच्या माहेराइतकी पक्की खूण दुसरी नाही. आपण वंशावळ काढतो ती नुसत्या बापांची काढतो. तिथंच शोध अडतो. आयांची नावं घाला, वाट मोकळी होईल.

*

आता परत त्या म्हाताऱ्याकडं येऊ. त्याला काय सांगायचं?

काही कार्यकर्ते म्हणतील, सांगू दे की त्याला. खांबावरचा गणनाक सगळ्यांचाच पूर्वज. भावनेनं ते ठीक आहे. त्या २२ जणांना साऱ्या समाजानं आपलं मानलं आहे, १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथं गेले त्याचाही अर्थ हाच. समाजाचा पूर्वज म्हणून मानवंदना द्यायला वंशावळ लागत नाही. पण 'माझ्या घरचा' म्हणून लिहायचा, छापायचा असेल तर साखळी दाखवावी लागेल. कारण आपलं लिहिलेलं आपलेच लोक वाचतात असं नाही. टपून बसलेलेही वाचतात. एक कडी खोटी सापडली की ते सगळी साखळी फेकून देतात, आणि म्हणतात, यांचा सगळा इतिहास असाच. त्यांच्या बखरीतल्या शंभर थापा खपतात, आपली एक खपत नाही. म्हणून आपला कागद त्यांच्यापेक्षा घट्ट पाहिजे.

तर म्हाताऱ्याला म्हणावं, बाबा, खांबावरचा गणनाक तुझा असेलही, नसेलही. पण १८२५ ते १९४५ या मधल्या वर्षांत जे तुझे चार जण होऊन गेले ते शंभर टक्के तुझे आहेत. ते आधी सांग. ढोरं ओढली असं सांगायची लाज वाटते? आपल्याला नाही वाटत. ओढायला लावणाऱ्यांना वाटली पाहिजे. त्यांनी ओढली, त्यांनी पाळी केली, आणि त्यांच्यातल्याच कुणीतरी एका पिढीला पोराला शाळेच्या व्हरांड्यात बसवलं, एका पिढीला महाडला चवदार तळ्यावर पाठवलं, एका पिढीला घरातले देव नदीत सोडले. हे सगळं बिननावाच्या माणसांनी केलंय. त्यांची नावं आपण काढायची.

काम असं करा. प्रत्येक वस्तीत एक वही घाला. पहिलं पान सगळ्यात म्हाताऱ्या बाईचं. तिला आठवतील ती सगळी नावं, पोरीबाळींसकट, माहेरांसकट, गावांसकट लिहून घ्या. नावापुढं 'कुणी सांगितलं' आणि 'कागद आहे की नाही' असे दोन रकाने ठेवा. जे ऐकलं ते ऐकलं म्हणून लिहा, जे पाहिलं ते पाहिलं म्हणून लिहा, दोन्ही एकात कालवू नका. मग एकानं तहसिलातून कोतवाल बुकाच्या नकला काढाव्यात, एकानं फेरफार काढावेत. एका तरी पोरानं मोडी शिकावी. मोडी वाचणारे थोडे राहिलेत, आणि त्यांना आपला महारवाडा शोधायची गरज नाही. जुन्या वह्या कसर खाते, पानं हाताळता हाताळता तुटतात, तेव्हा फोटो काढून ठेवा. एका घराची वही शेजारच्या घराच्या वहीशी ताडून बघा. एकाच गणनाकावर दोन घरांनी हक्क सांगितला तर भांडू नका. त्या दोन घरांचं सुतक एक आहे का, हे आधी म्हातारीला विचारा. बहुतेक वेळा भाऊबंदच निघतील.

अशी वीस गावच्या वह्या एकत्र झाल्या तर त्यात किती गणनाक, किती रामनाक, किती हरनाक निघतील बघा. प्रत्येकाला बाप असेल, आई असेल, गाव असेल, काम असेल. खांबावरच्या तिघांपैकी एखाद्याची साखळी त्यात जुळलीच, तर ती सगळ्यांसमोर वाचून दाखवू. नाहीच जुळली तरी वही वाया जात नाही. पोराच्या पडताळणीला तीच कामाला येईल.

वही घालायला या पावसाळ्यापर्यंत थांबू नका. ज्यांना नावं आठवतात त्या बाया पंच्याऐंशी-नव्वदच्या झाल्यात.

जय भीम.